घाटातील वळण आणि टाकीतील इंधन

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे, तर मोताळा व मलकापूर ही गावे खालच्या सखल भागात आहेत. त्यांना जोडणारा रस्ता राजूर घाटातून चढतो. खालच्या गावांतील रुग्ण जिल्हा रुग्णालयात न्यावयाचा, तर हाच मार्ग. अशा घाटात काटा शून्यावर आलेला नसतानाही एखादी गाडी आचके देऊन बंद पडते, तेव्हा “टाकीत कचरा आला” असे चालक म्हणतो. कधी ते खरेही असते. पण कधी कारण निराळेच असते. इंधन टाकीत असते. पंपाच्या तोंडाशी मात्र नसते.

परातीत पाणी घेऊन झटकन वळले की पाणी एका कडेला चढते. टाकीतही तेच घडते. २० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ३० किलोमीटर वेगाने घेतल्यास इंधनाचा पृष्ठभाग सुमारे २० अंशांनी कलतो. त्यात चढणीची भर पडते. टाकी भरलेली असल्यास काही बिघडत नाही. तळाशी चार बोटे इंधन असेल, तर शोषनळी उघडी पडून पंप हवा ओढू लागतो.

शर्यतीच्या मोटारींत हा कल ४५ अंशांच्याही पुढे जातो. म्हणून त्यांच्या टाकीत आडवे पडदे, एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा आणि पंपाभोवती सदैव भरलेले राहणारे लहान भांडे असते. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत असे भांडे साध्या स्वरूपात असते. जुन्या डिझेल गाड्यांत पुष्कळदा केवळ नळी असते, आणि तीत हवा शिरली की हातपंपाने ती काढल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही.

खरा धोका याहून मोठा आहे. इंजिन थांबताच लहान गाड्यांचे सुकाणू जड होते आणि ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-तीन दाबांतच संपते. हे ऐन वळणावर घडते.

तेव्हा रुग्णवाहिकेला पाच-दहा लिटरच्या चिठ्ठीवर चालविणे ही काटकसर नव्हे. पाव टाकीपेक्षा कमी इंधनावर गाडी घाटात नेऊ नये, आणि निघण्यापूर्वीचा काटा नोंदवहीत लिहावा. टाकी दुरुस्तीस दिल्यास आतील पडदे काढले गेले नाहीत ना, हेही ती परत घेताना विचारून घ्यावे.