शोकेसमधली बाग

नगरहून कल्याणला जाणारा रस्ता आणे घाट उतरून आळेफाट्यावर येतो, ओतूरवरून पुढे जातो आणि माळशेज घाटातून कोकणात उतरतो. जुन्नर-आंबेगावच्या घरांतल्या फुलांचा मागोवा घ्यायचा तर हा रस्ता धरून चालणे सोयीचे. या रस्त्याच्या एका टोकाकडून नाताळ आला आणि दुसऱ्या टोकाकडे फुले गेली.

नाताळ नगरच्या बाजूचा. आताचे अहिल्यानगर म्हणजे नगर, तिथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. मराठी ख्रिस्ती घरांचा नाताळ पुढे याच परिसरात घडला. दाराशी कागदी चांदणी, आत गोठा, छताला पताका आणि डब्यांत करंज्या, शेव, चकल्या. दिवाळीचा फराळ दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तळला जावा, तसा तो सण. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, नगरला दीर्घकाळ वास्तव्य केले आणि ‘फुलामुलांचे कवी’ ही त्यांची ओळख कायम राहिली. ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाने अंगणातली फुले सोडली नाहीत, एवढे त्यावरून म्हणायला हरकत नसावी.

आणे घाटाच्या अलीकडे मात्र नाताळ फार काळ पाहुणाच राहिला. इथला डिसेंबर म्हणजे मार्गशीर्ष. चंपाषष्ठीला खंडोबाचा भंडारा उधळायचा, गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडायचा, पौर्णिमेला दत्तजयंती, आणि तुळशीचे लग्न लागून गेलेले असल्याने लग्नांचा मोसम. फुले लागायची, पण ती देवाला आणि वधूवरांना. जेवणाच्या टेबलाच्या मधोमध फुले मांडायची तर आधी टेबल हवे. पंगत जमिनीवर बसत होती, तोवर सजावट म्हणजे पाटाभोवतीची रांगोळी आणि उदबत्ती.

तरीही खोटी फुले इथल्या घरांना परकी नव्हती. प्लास्टिकच्या कितीतरी आधी भेंडाची फुले होती. पाणथळ जागी वाढणाऱ्या भेंडाचा गाभा पांढराशुभ्र, हलका आणि मऊ. धारदार सुरीने त्याच्या पातळ पाकळ्या काढायच्या, बेगड लावायची आणि त्यातून बाशिंग उभे करायचे. गणपतीच्या मखराला क्रेप कागदाची आणि जिलेटिनची फुले लागत. दारावर काचनळ्यांचे आणि मण्यांचे तोरण असे. पुढे लोकरीच्या गोंड्यांचे तोरण आले. दुपारच्या वेळी बायकांनी विणलेले ते तोरण माहेरवाशिणीबरोबर सासरी जायचे. या फुलांना खोटे म्हणावे असे मला वाटत नाही. त्यांनी खऱ्या फुलाची बतावणी कधी केलीच नाही. भेंडाचे फूल भेंडाचेच दिसे. शिवाय ते एका कार्यापुरते असे. बाशिंग सुटले की त्याचे काम संपले.

हुबेहूब दिसण्याची हौस प्लास्टिकने आणली, आणि तिचा उगम बराच दूर आहे. हाँगकाँगमध्ये ली का-शिंग या तरुण कारखानदाराने १९५० मध्ये प्लास्टिकचा उद्योग काढला आणि १९५७ च्या सुमारास तो प्लास्टिकच्या फुलांकडे वळला. युरोप-अमेरिकेतल्या बैठकीच्या खोल्या त्या फुलांनी भरल्या. पुढे जमिनी आणि इमारतींच्या धंद्यात शिरून तो आशियातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक झाला, पण पायाभरणी फुलांचीच.

आपल्याकडे ही फुले मुंबईकरांच्या पिशवीतून आली. जुन्नर-आंबेगावची किती घरे मुंबईच्या भाजी बाजारावर, गोदीवर, माथाडीच्या कामावर उभी राहिली हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. चैत्रात गावच्या यात्रेला मुंबईकर यायचा तेव्हा मशीद बंदर-क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांतून घेतलेली एखादी फुलदाणी सोबत असायची. लाल गुलाब, खाली हिरवी पाने, पाकळीवर दवाचा टिकून राहिलेला प्लास्टिकचा थेंब. ती शोकेसमध्ये जाई. शोकेसमध्ये आधीपासून न वापरलेला चिनी मातीचा कपसंच, मुलाचे बक्षीस आणि कुणाचा तरी फोटो असे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, फुले निरमाच्या पाण्यात बुडवून अंगणात वाळत घालायची. आज या प्रकाराला हसणे सोपे आहे. पण ज्या घरात पिण्याचे पाणी डोक्यावरून यायचे, त्या घराने फुलदाणीत पाणी ओतावे ही अपेक्षा कुणी करावी? पाण्यावाचून टिकणारे फूल, तेही मुंबईहून आलेले, ही त्या काळी प्रतिष्ठाच होती.

मग पाणी आले. कुकडी प्रकल्पाची धरणे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचे डिंभे, गेल्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत एकेक करून भरू लागली. कालव्याच्या कडेने ऊस, द्राक्ष, टोमॅटो, कांदा आला आणि त्याच पाण्यावर झेंडू आणि शेवंतीही वाढली. फुलांचा तोडा पहाटे करायचा, क्रेट गाडीत भरायचे आणि माळशेज उतरून कल्याणला किंवा पुढे दादरला न्यायचे. दुसरी वाट पुण्याच्या गुलटेकडीची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी चढा भाव आणि दसऱ्याच्या संध्याकाळी रस्त्याकडेला ओतून दिलेला झेंडू, हे चक्र ज्याने एकदा अनुभवले त्याला फुलशेतीचे अर्थशास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही.

शेवंतीचे गणित जरा बरे बसते. दिवस लहान झाले आणि थंडी पडू लागली की शेवंतीला कळ्या धरतात. म्हणजे ती नेमकी मार्गशीर्षात आणि नाताळात हाताशी येते. निसर्गाने डिसेंबरच्या सजावटीसाठी या मातीला दिलेले फूल कुठले, असे विचारले तर उत्तर हेच. पॉइनसेटियाची पानेही याच दिवसांत लाल होतात, तीही याच लहान दिवसांच्या हिशेबाने. ते झाड मेक्सिकोचे, पण आपल्या बंगल्यांच्या कुंपणांवर आता चांगले रुळले आहे.

२००५ च्या पुढे राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाच्या अनुदानावर पॉलिहाऊस उभी राहू लागली. मावळात तळेगाव दाभाड्याला गुलाबाची शेती आधीच निर्यातीवर चालली होती. तिचे बघून उत्तर पुणे जिल्ह्यात दहा-वीस गुंठ्यांची पॉलिहाऊस आली आणि त्यांत जरबेरा आला. लागवडीनंतर अडीच-तीन महिन्यांत पहिले फूल, मग दोन-अडीच वर्षे रोजची तोड, दहा फुलांची जुडी, प्रत्येक फुलाला प्लास्टिकची टोपी. खरे फूल टिकावे म्हणून त्याला प्लास्टिक घालायचे, हीही एक गंमतच. याच वर्षांत या फुलशेतकऱ्यांच्या घरी गेलो की शोकेसमध्ये मात्र तेच लाल गुलाब दिसायचे. कारण विचारण्यासारखे नव्हते. शेतातले फूल विकायचे असते. दूध घालणाऱ्याच्या घरी चहा कोरा होतो, तसे ते.

दरम्यान शोकेसमधल्या फुलांची पुढची पिढी आली होती. कडक प्लास्टिकची जागा रंगवलेल्या पॉलिस्टरच्या कापडाने घेतली. चीनच्या यिवू शहरातल्या घाऊक बाजारातून हा माल जगभर जातो. तो इतका खऱ्यासारखा की बोट लावल्याशिवाय कळू नये. लग्नाच्या मंडपवाल्यांनी तो आधी उचलला. त्यांचे म्हणणे साधे आहे: खऱ्या फुलांचा मंडप एका रात्रीत संपतो, हा पन्नास लग्ने काढतो. त्यापाठोपाठ गौरी-गणपतीची आरास गेली, आणि मग गेल्या दहा-पंधरा वर्षांत नाताळ आला. तो आता फक्त नगरकडून नाही, सगळीकडूनच आला. इंग्रजी शाळांच्या स्नेहसंमेलनांतून आला, बेकरीतल्या केकबरोबर आला, मोबाईलवरच्या चित्रफितींतून आला. २०१८ मध्ये जुन्नर हा राज्याचा पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला, त्याआधीपासूनच शिवनेरी-लेण्याद्री-माळशेजच्या वाटेवर कृषी पर्यटन केंद्रे आणि रिसॉर्ट वाढत होते. २४ ते ३१ डिसेंबर हा त्यांचा भरगच्च आठवडा. त्या आठवड्यात नारायणगाव-मंचरच्या दुकानांत लाल-हिरव्या झिरमिळ्या लटकतात. हॉलमधल्या टीपॉयवर गोल हिरवे कडे येते, त्यात पाइनची सुकी फळे, लाल मण्यांचे घोस, कापडी पॉइनसेटियाची दोन फुले आणि मधोमध जाड मेणबत्ती. शेजारच्या कुंपणावर खरा पॉइनसेटिया लाल झालेला असतो. (मेणबत्ती पेटवणार असाल तर त्या कापडी पाकळ्यांपासून ती लांब ठेवावी. पॉलिस्टर ज्योतीने वितळते आणि पेटले तर ठिबकते.)

ज्यांचा हा सण मुळातला आहे त्यांची रीत इथे आठवते. कॅथलिक विधीनियमांत नाताळाआधीच्या आगमनकाळात वेदीवर फुले बेतानेच ठेवायला सांगितली आहेत, नाताळाचा पुरा आनंद आधीच उधळू नये म्हणून. चार आठवडे हात आखडता घ्यायचा आणि मग मोकळा सोडायचा. बारा महिने टीपॉयवर तेच फूल असले की ही मजा जाते. उन्हाळ्यात तेच, श्रावणात तेच, नाताळात फक्त त्याला लाल रिबीन.

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. गणपतीचे थर्माकोलचे मखर त्यात गेले, आणि सवलत मागायला गेलेल्यांना त्या जुलैत उच्च न्यायालयाने नकार दिला. केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासून आली. त्या यादीत फुग्याच्या काड्या होत्या, प्लास्टिकचे झेंडे होते, सजावटीचे थर्माकोल होते. फुले नव्हती.

मधल्या काळात फुलशेतीचे कंबरडे मोडले होते ते वेगळ्याच कारणाने. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, लग्ने थांबली, देवळे बंद झाली. ती नोव्हेंबरात पाडव्याला उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला, कायमची उघडली. झाडावरचे फूल तोडावेच लागते, नाहीतर पुढची कळी येत नाही. तोडून बांधावर टाकलेल्या जरबेऱ्याचे ढीग टाळेबंदीच्या उन्हाळ्यात बऱ्याच जणांनी पाहिले. अनेक पॉलिहाऊसमध्ये मग ढोबळी मिरची आली. बाजार उघडला तेव्हा सजावटवाल्यांकडे कापडी फुलांचा साठा तयारच होता.

फूल उत्पादकांच्या संघटनेने प्लास्टिकच्या फुलांवर बंदी मागत मुंबई उच्च न्यायालय गाठले. २०२४ च्या अखेरीस न्यायालयाने केंद्राला विचारले की एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या यादीत ही फुले का नाहीत. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत हा विषय निघाला, तेव्हा फलोत्पादनमंत्री भरत गोगावले यांनी बंदीचे आश्वासन दिले. परदेशी मालाशी झगडा या भागाला नवा नाही. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले. डिंभ्याच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे. त्या पाण्यावरची शेवंती आज परदेशी कापडाच्या फुलाशीच झगडते आहे, हे ऐकून त्यांना काय वाटले असते कोण जाणे.

मला स्वतःला बंदीची घाई वाटत नाही, आणि घरातल्या बाईला दोष देणे तर मुळीच पटत नाही. तिने एकदा घेतलेले कडे पाच नाताळ, पाच गौरी काढते. कचरा तिच्या टीपॉयवरून होत नाही, तो मंडपांतून आणि देवळांतल्या स्वस्त माळांतून होतो. बंदीची धार तिथे हवी. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ‘शेतीचा अनुभव घ्या’ अशी पाटी लावलेल्या रिसॉर्टच्या जेवणाच्या टेबलावर डिसेंबरात चिनी गुलाब असतो आणि कुंपणापलीकडे शेवंतीचा तोडा चाललेला असतो. शेवंतीची दांडी तिरकी कापून, खालची पाने काढून, दोन दिवसांनी पाणी बदलत ठेवली तर फूल आठ-दहा दिवस सहज टिकते. म्हणजे २३ तारखेला मांडलेले ३१ च्या रात्रीपर्यंत पुरते. पाहुण्यांना हुरडा आणि बैलगाडीची फेरी विकणाऱ्याला ती जुडी परवडत नाही, असे कुणी म्हणू नये. ओतूरच्या माळावरून कल्याणला निघालेल्या गाडीतून चार जुड्या वाटेतच उतरवून घ्यायच्या आहेत.