ढगातले दप्तर

'क्लाउड' म्हणजे ढग. पण त्यात ठेवलेली वस्तू जमिनीवरच असते. प्रचंड शेडमध्ये ओळीने मांडलेले हजारो संगणक, त्यांना अखंड वीज, अखंड गारवा आणि दारावर पहारा, असा हा कारखाना. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. मोबाइलमधला फोटो 'वर गेला' असे आपण म्हणतो, तो अशाच कुठल्या तरी शेडमध्ये जाऊन बसतो.

मुंबईला हा व्यवहार अगदीच नवा नाही. एके काळी गिरणीचा बॉयलर आणि वाफेचे इंजिन ज्याचे त्याचे असे. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून वीज येऊ लागली, आणि गिरण्या हळूहळू तारेवर चालू लागल्या. संगणकाची शक्तीही अशीच घरोघर पुरवता येईल, हा विचार जॉन मॅकार्थी यांनी १९६१ साली बोलून दाखवला होता. २००६ साली अ‍ॅमेझॉनने संगणक तासाला १० सेंट भाड्याने देऊ केला. एकाच यंत्राचे भाग पाडून ते अनेकांना देतात; चाळीसारखे, बिऱ्हाडे वेगळी, जिना एक. दिवाळीत गिऱ्हाईक वाढले तर दुकानदाराने चार खोल्या जास्त घ्याव्यात, मग सोडून द्याव्यात. ही सोय खरी आहे, आम्ही तिला नावे ठेवीत नाही.

पण श्रोतेहो, वीज वापरली की संपली. खोपोलीत गिरणीचे काही मागे राहत नसे. येथे आपले हिशेब, पत्रे, सभासदांच्या याद्या घरमालकाच्या ताब्यात राहतात. म्हणून भाव विचारण्याआधी विचारावे, की जागा सोडताना दप्तर परत कसे मिळेल, आणि किती दिवसांत? दुसरी प्रत कोठे आहे, हेही विचारावे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्राची एक इमारत जळाली. ज्यांची प्रत दुसऱ्या गावी होती ते सावरले, बाकीच्यांपैकी कित्येकांचे सर्वस्व गेले. घरच्या माणसाने निदान लग्नाचे फोटो आणि घराचे कागद एका वेगळ्या डिस्कवर कपाटात ठेवावेत.

एका कारखान्यात ओव्हरटाइमच्या तंट्यात आम्ही हजेरीपट मागितला. "तो आमच्याकडे नसतो, वर असतो," असे उत्तर मिळाले. कामगार मालकाचा, घड्याळ मालकाचे, पट तेवढा ढगाचा! पुढच्या करारात आम्ही एक कलम घालून घेतले: दर महिन्याच्या सात तारखेला प्रत्येकाच्या हाती त्याच्या हजेरीची छापील प्रत.