क्रोमोग्रॅनिनची कहाणी : पित्ताची गोळी आणि चढलेला आकडा

कॅटेस्टॅटिनला आणखी एक आठवडा थांबावे लागेल. क्रोमोग्रॅनिन ए या प्रथिनाच्या या तुकड्याचे रक्तदाबाशी नाते काय, ते या भागात यायचे होते. पण मध्येच शहाद्याहून एका वाचकांचा प्रश्न आला, आणि तो इतका नेमका आहे की दोन ओळींत त्याची बोळवण करणे बरे नव्हे.

प्रश्न थोडक्यात असा. घरातल्या वडीलधाऱ्यांना बरेच दिवस जुलाब होत होते. डॉक्टरांनी इतर तपासण्यांबरोबर ‘क्रोमोग्रॅनिन ए’ही लिहून दिली. रक्त इथेच घेतले, नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेला आणि अहवालातला आकडा नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी वर आला. ‘ट्यूमर मार्कर’ हे शब्द वाचून घर हादरले. स्कॅनमध्ये मात्र काहीच सापडले नाही. मग एवढे प्रथिन रक्तात आले कुठून? पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेले एक वाक्य आहे : वडील कित्येक वर्षांपासून रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेतात.

बहुधा उत्तर त्याच वाक्यात आहे.

नंदुरबारकडे पोटात जळजळ झाली की पहिला आळ मिरचीवर येतो. ते साहजिकच आहे. हंगामात शहराबाहेर लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरतात, बाजार समितीत गाड्यांची रांग लागते आणि ताटात ठेचा असतोच. मग कोणीतरी मेडिकलमधून गोळी आणून देते, बरे वाटते, आणि आठवड्यासाठी आणलेली गोळी वर्षानुवर्षे चालू राहते. या गोळ्या ओळखायला सोप्या आहेत. पट्टीवरच्या औषधाच्या नावाचा शेवट ‘प्राझोल’ असा होतो : ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल. सांधेदुखीच्या गोळ्यांबरोबर डॉक्टर स्वतःच ही गोळी जोडून देतात, आणि त्याला चांगले कारण असते. त्यामुळे ती घरोघरी असते, आणि ‘कुठली औषधे चालू आहेत?’ असे विचारले की नेमकी तीच सांगायची राहून जाते.

आता जठरात डोकावू. आम्ल तयार करणाऱ्या पेशींना हुकूम सोडणारी एक साखळी तिथे आहे. जठराच्या खालच्या टोकाकडच्या ‘जी’ पेशी गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते वरच्या भागातल्या ईसीएल पेशींपर्यंत पोहोचते, त्या हिस्टॅमिन सोडतात आणि हिस्टॅमिनच्या इशाऱ्याने शेजारच्या पेशींमधले आम्लाचे पंप सुरू होतात. आम्ल पुरेसे झाले की सोमॅटोस्टॅटिन हे दुसरे संप्रेरक गॅस्ट्रिनला आवर घालते. ‘प्राझोल’ गोळी या साखळीतली शेवटची कडी, म्हणजे पंप, बंद करते. आम्ल घटते आणि आवर घालणारा इशाराच येईनासा होतो. मग गॅस्ट्रिन वाढत जाते आणि ईसीएल पेशींना अहोरात्र कामाला जुंपते.

नियमित वाचकांना एव्हाना पुढचा धागा दिसला असेल. ईसीएल पेशी कणिकावाल्या, म्हणजे आपला माल सूक्ष्म पुरचुंड्यांत साठवणाऱ्या, पेशी आहेत. शहाद्याच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये फुललेला कापूस दाबून त्याची गासडी बांधतात, तसे क्रोमोग्रॅनिन ए कणिकेतला माल दाटीने बांधून ठेवते. कणिका फुटली की मालाबरोबर तेही बाहेर पडते. ईसीएल पेशी जितक्या जास्त राबतील आणि संख्येने जितक्या वाढतील, तितके क्रोमोग्रॅनिन रक्तात जास्त. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांतच आकडा चढू लागतो, आणि वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्यांत तो मर्यादेच्या कितीतरी पट गेलेला आढळतो. चौदाव्या गुणसूत्रावरच्या सीएचजीए या जनुकात यासाठी काही बिघाड व्हावा लागत नाही. जनुक धडधाकट असते. ते वाचणाऱ्या पेशींना काम वाढवून दिले गेले, एवढेच.

हा प्रकार औषधशास्त्रात एकदा फार मोठी खळबळ उडवून गेला आहे. ती हकिकत इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

स्वीडनमधल्या म्योल्नदाल गावी हेस्ले या कंपनीत १९७९ मध्ये ओमेप्राझोल तयार झाले. माणसांवरच्या चाचण्या उत्तम चालल्या होत्या. अल्सरवर इतके प्रभावी औषध तोपर्यंत कोणी पाहिले नव्हते. सुरक्षिततेसाठी उंदरांना मोठ्या मात्रेत, जवळजवळ आयुष्यभर औषध देण्याचा प्रयोग समांतर सुरू होता. त्या उंदरांच्या, विशेषतः माद्यांच्या, जठरात गाठी दिसल्या आणि १९८४ मध्ये माणसांवरच्या चाचण्या थांबवल्या गेल्या. गाठी ईसीएल पेशींच्या होत्या. औषध स्वतःच विषारी असेल, तर सगळे संपलेच होते.

पण लुंड विद्यापीठात रोल्फ हाकानसन आणि त्यांचे सहकारी या दुर्लक्षित पेशींचा अभ्यास आधीपासून करत होते. संशय गॅस्ट्रिनवर गेला. मग उंदरांच्या जठराचा गॅस्ट्रिन तयार करणारा भाग शस्त्रक्रियेने काढून टाकला आणि तेच औषध दिले. आम्ल घटले, पण गॅस्ट्रिन वाढले नाही आणि ईसीएल पेशीही वाढल्या नाहीत. पुढे रॅनिटिडिन या वेगळ्या जातीच्या आम्लरोधकाच्या प्रचंड मात्रेनेही उंदरांत तशाच गाठी होतात, हे दिसून आले. म्हणजे दोष त्या रेणूचा नव्हता. आम्लाचा दीर्घकाळचा अभाव आणि त्यातून उसळलेले गॅस्ट्रिन हे खरे कारण होते. चाचण्या पुन्हा सुरू झाल्या आणि १९८८ मध्ये औषध बाजारात आले. उंदरांइतके टोकाचे परिणाम माणसांत दिसले नाहीत. पण साखळी तीच आहे, आणि शहाद्याच्या त्या अहवालातला आकडा याच साखळीची साक्ष देत असण्याची शक्यता दांडगी आहे.

यावर ‘आजच गोळी बंद करा’ असे कोणी घाईने सांगू नये. तपासणीपूर्वी ‘प्राझोल’ गोळी साधारण दोन आठवडे बंद ठेवावी, असे तज्ज्ञ सुचवतात. तेवढ्यात बहुतेकांचा आकडा खाली येतो. मात्र ज्यांना पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झाला आहे, जे रक्त पातळ करणारी औषधे घेतात किंवा ज्यांना गॅस्ट्रिन सोडणारी गाठ असल्याची शंका आहे, त्यांच्या बाबतीत गोळी अचानक तोडणे धोक्याचे ठरू शकते. १९५५ मध्ये झोलिंगर आणि एलिसन यांनी वर्णन केलेल्या त्या आजारात आम्ल इतके उसळते की आतडे फाटू शकते. गोळी थांबवायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. तात्पुरती दुसऱ्या जातीची गोळी देऊन मधला काळ निभावता येतो.

आकडा वाढवणाऱ्या आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तर क्रोमोग्रॅनिन रक्तात साचते. आणि जठराचे अस्तर झिजून आम्लच बनेनासे झाले, तर गोळी न घेताही गॅस्ट्रिन चढते. अशा माणसांत बी-१२ची कमतरताही अनेकदा सापडते. शिवाय वेगवेगळ्या प्रयोगशाळांची किट वेगळी असतात, म्हणून एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

मग ही तपासणी निरुपयोगी का? मुळीच नाही. डॅनियल ओ’कॉनर आणि लिओनार्ड डेफ्टोस यांनी १९८६ मध्ये संप्रेरके सोडणाऱ्या गाठींच्या रुग्णांत हे प्रथिन वाढलेले दाखवून दिले, तेव्हापासून ते डॉक्टरांच्या हाती आहे. निदान पक्के झालेल्या रुग्णात, एकाच प्रयोगशाळेत, ठरावीक अंतराने केलेली तपासणी उपचार लागू पडत आहेत का हे सांगायला मदत करते. २०१८ मध्ये अभिनेते इरफान खान यांनी आपल्या आजाराचे नाव जाहीर केले आणि अशा गाठींसाठीचा न्यूरोएंडोक्राइन गाठ हा शब्द घराघरांत पोहोचला. या गाठींवरचा एक महत्त्वाचा उपचार मुंबईत परळला होतो. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर तिथे १९६३ पासून आहे. गाठीच्या पेशींना जाऊन चिकटणाऱ्या रेणूवर ल्युटेशियम-१७७ बसवून तो रुग्णाला देतात, आणि किरणोत्सर्ग थेट गाठीपर्यंत पोहोचतो. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते.

पण परळपर्यंत जाण्याची वेळ खरोखर कोणावर आली आहे, हे आधी ठरायला हवे. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या कुटुंबाला मुंबईची एक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी, उसने घेतलेले पैसे आणि परक्या शहरातला मुक्काम. गोळीने फुगवलेल्या आकड्यापायी कोणालाही हे सोसावे लागू नये. ‘पित्ताची गोळी चालू आहे का? शेवटची कधी घेतली?’ एवढे दोन प्रश्न रक्त घेणाऱ्या प्रत्येक केंद्राने अर्जावर छापायला काहीच हरकत नाही.

शहाद्याच्या वाचकांनी वडिलांच्या गोळ्यांची पट्टी आणि अहवाल घेऊन त्याच डॉक्टरांना पुन्हा भेटावे, मूत्रपिंडाची आणि बी-१२ची तपासणी झाली आहे का ते विचारावे. जुलाबांचे कारण तरीही शोधायचे राहतेच, ते सोडून देऊ नये. इतर वाचकांनी आज घरातली औषधांची पेटी उघडून ‘प्राझोल’वाली गोळी कोण, किती दिवसांपासून घेत आहे ते कागदावर लिहून ठेवावे. कॅटेस्टॅटिन पुढच्या आठवड्यात.