निवात हवे, निर्वात नव्हे : अल्प खर्चात घराची हेमंतसिद्धता

ऋतुचर्येचे विवेचन करताना आपण वैद्य मंडळी आहार, अभ्यंग, व्यायाम व रसायन यांविषयी विस्ताराने बोलतो. परंतु रुग्ण ज्या घरात रात्रीचे दहा तास काढतो त्या घराविषयी आपण क्वचितच विचारतो. हेमंत लागला की तोच वृद्ध रुग्ण तमक श्वासाचा वेग घेऊन येतो, तेच बालक कासाने बेजार होऊन येते, तीच माता संधिशूलाची तक्रार सांगते. औषधाने उपशय मिळतो. रुग्ण त्याच थंड, धुरकट खोलीत परत जातो आणि आठवड्याने पुन्हा आपल्या दारी येतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी असेल, तर घर हेही निदानात मोजावे लागेल.

आमचे चिकित्साक्षेत्र दुसरबीड व परिसरातील खेडी हे आहे. जालना-मेहकर मार्गावरील सिंदखेडराजा तालुक्याचा हा भाग शेतीवर जगणारा आहे. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास हाती येतो आणि त्यातूनच उधारी, रब्बीचे बियाणे व लेकरांचा खर्च भागवावा लागतो. अशा कुटुंबाला हिवाळ्यासाठी घर सिद्ध करण्याचा सल्ला द्यायचा, तर तो त्याच्या खिशाला पेलणारा हवा. प्रस्तुत लेखात तसा क्रम मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

शास्त्रातील घर

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात हेमंतचर्या सांगताना उष्ण भूमिगृह व गर्भगृह यांचा आश्रय घेण्यास सांगितले आहे. अंथरूण, आसन व वाहन ही आच्छादित असावीत असाही तेथे निर्देश आहे. वाग्भटाचार्यांनीही अष्टांगहृदयात निखाऱ्यांनी उबदार केलेल्या आतील घराचा उल्लेख केला आहे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की आचार्यांनी संपूर्ण वाडा तापवायला सांगितलेले नाही. घरातील एक आतली जागा उबदार असावी, एवढेच त्यांचे सांगणे आहे. अल्प खर्चाचे सूत्र येथेच सापडते.

दुसरे सूत्र सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात आहे. रुग्णासाठी घर कसे बांधावे हे सांगताना ते भक्कम व निवात असावे, मात्र त्याच्या एका भागात वारा खेळता असावा, आणि धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा उपद्रव तेथे पोहोचू नये, असे वर्णन आहे. म्हणजे निवात व प्रवात यांचा मेळ एकाच घरात घातलेला आहे. निवात म्हणजे अंगावर थेट वाऱ्याचा झोत न येणे. निर्वात म्हणजे हवाच बंद होणे. हा भेद लोकांना समजावून सांगणे हे आमच्या मते हेमंतातील वैद्याचे पहिले काम आहे. कारण थंडीच्या भयाने घराची सर्व छिद्रे बुजविण्याकडे लोकांचा कल असतो आणि त्यातून होणारी हानी थंडीहून मोठी असते.

थंडी कोठून शिरते

आपल्याकडे आज तीन प्रकारची घरे दिसतात. जुनी मातीच्या जाड भिंतींची व माळवदाची घरे, विटांच्या भिंतींवर टिनपत्रे टाकलेली घरे आणि सिमेंटच्या स्लॅबची घरे. जाड भिंत दिवसाची उष्णता साठवून रात्री सावकाश परत देते. सिंदखेडराजा येथील लखुजीराव जाधवांच्या वाड्यात गेलेल्या कोणासही जाड भिंतींचा हा गुण अंगाला जाणवतो. टिनपत्र्यात ही साठवण मुळीच नसते. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतो, आतील दमट हवा त्याला लागून पाणी धरते आणि पहाटे ते थेंब अंथरुणावर पडतात. ओलसर अंथरूण व गार पत्रा यांच्यामध्ये निजलेल्या श्वासरुग्णाची अवस्था काय होत असेल, हे वेगळे सांगणे नलगे.

हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेले व ते सरासरीहून ४.५ अंश वा अधिक घसरले, की थंडीची लाट मानतात. आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील वारे सुटले की पारा दहाच्या आसपास येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या गृहविषयक मार्गदर्शिकेत थंड ऋतूत घरातील तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ नये असे सुचविले आहे. पत्र्याच्या घरात शेगडी वा हीटर नसता हे साधणे कठीण. परंतु पुढील उपायांनी त्याच्या जवळ जाता येते.

खर्चाचा क्रम

घर सिद्ध करण्याचा काळ शरद व हेमंत यांचा ऋतुसंधी हा मानावा. कार्तिकाचे शेवटचे सात व मार्गशीर्षाचे पहिले सात, असे हे चौदा दिवस आहेत. ऋतुसंधीत जुनी चर्या हळूहळू सोडून नवी हळूहळू स्वीकारावी असे शास्त्र सांगते. घरालाही तोच नियम लावावा. कामांचा क्रम आम्ही पुढीलप्रमाणे सुचवितो.

पहिले काम बिनखर्चाचे. घरातील एक खोली निवडावी. ती शक्यतो दक्षिणेकडे दार वा खिडकी असलेली, चुलीपासून वेगळी व कोरडी असावी. वृद्ध, बालक, सूतिका व श्वासरुग्ण यांची निजण्याची सोय तेथे करावी. आपण सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहोत; त्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४६ अंश उंचीवर असतो व दक्षिणेच्या दारातून ऊन बरेच आत येते. सकाळी दहापासून हे दार उघडे ठेवावे, अंथरूण-पांघरूण उन्हात घालावे आणि सायंकाळी पाचच्या सुमारास, ऊन ओसरण्यापूर्वी, दार लावून घ्यावे. दार सूर्यास्तानंतर लावले, तर दिवसभराची ऊब तोवर निघून गेलेली असते.

दुसरे काम खालच्या वाऱ्याचे. दाराच्या उंबरठ्याशी असलेली फट पोत्याची घट्ट सुरळी करून रोज रात्री बंद करावी. उत्तर व पूर्व बाजूच्या खिडकीच्या फटी जुने कापड वा कागद चिकटवून बुजवाव्यात. मात्र भिंतीच्या वरच्या भागात, वाऱ्याच्या आड असलेल्या बाजूस, सुमारे वीतभर लांबी-रुंदीचा झरोका कायम उघडा ठेवावा. श्वासाने दमट झालेली हवा तेथून निघून जाते व पत्र्याला पाणी धरणे कमी होते. घरात क्षयाचा किंवा दीर्घकाळ खोकणारा रुग्ण असेल तर हा झरोका अधिकच आवश्यक समजावा, आणि दिवसा ती खोली पूर्ण उघडून हवेशीर करावी.

तिसरे काम छताचे. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून जुन्या धोतरांचे वा लुगड्यांचे जोडकापड किंवा बांबूची चटई ताणून बांधावी. पत्रा व कापड यांच्यामधील हवेचा थर गारवा अडवितो. चूल, दिवा व विजेची उघडी तार यांपासून हे कापड दूर असावे. चुलीच्या खोलीत ते मुळीच बांधू नये.

चौथे काम अंथरुणाचे. वरून दोन पांघरुणे घेऊन खाली उघड्या विणीच्या बाजेवर निजल्यास थंडी खालून लागते. म्हणून अंगाखाली एक व अंगावर एक अशी गोधडीची विभागणी करावी. जुन्या लुगड्यांच्या थरांची गोधडी उबेत उणी पडत नाही. थरांमध्ये अडकलेली हवा हीच तिची खरी ऊब असते. फरशीवर निजणाऱ्यांनी खाली कोरडी पोती व त्यावर सतरंजी घालावी. सोयाबीनचे कुटार भरून गादी करण्याचा मोह टाळावा. त्याची धूळ श्वासरुग्णास बाधते.

ही चारही कामे झाल्यावर पैसा उरला, तर एक चांगली घोंगडी किंवा ब्लँकेट घ्यावे. विजेच्या हीटरचा विचार शेवटी करावा. १००० वॅटचा हीटर तासाला एक युनिट वीज खातो, म्हणजे रात्रभरात आठ युनिटे. शिवाय तो गोधडीपासून दूर ठेवावा लागतो.

अंगार : शास्त्र व सावधानता

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. शास्त्रात अंगाराचा उल्लेख आहे, म्हणून रात्री शेगडी खोलीत घेऊन निजणे शास्त्रसंमत आहे, असा समज क्वचित ऐकू येतो. तो घातक आहे. चरकाचार्यांनी जेंताक स्वेदाचे कूटागार वर्णिले आहे, त्याची उंची व विस्तार सोळा अरत्नी सांगितला असून त्यास अनेक वातायने ठेवण्यास सांगितले आहे. अग्नी धूररहित झाल्यावरच रुग्णास आत न्यावे, असाही निर्देश आहे. स्वेदनासाठी अंगार पेटविताना ज्यांनी एवढी वातायने सांगितली, त्यांनी दहा फुटी बंद खोलीत रात्रभर शेगडी ठेवण्यास संमती दिली असती, हे संभवत नाही.

धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, हाही भ्रम आहे. कोळसा, तुराट्या वा पऱ्हाट्या यांच्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्यास रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक बळाने जोडला जातो. शिरःशूल, हृल्लास, भ्रम, तंद्रा ही त्याची लक्षणे होत. निजलेल्या माणसास ती जाणवण्यापूर्वीच मूर्च्छा येऊ शकते. जुन्या कवेलूच्या घरात फटींतून हवा सुटत असे. स्लॅबच्या बंद खोलीत ती सुटत नाही. घर पक्के झाले तसा शेगडीचा धोका वाढला, हे लोकांना आवर्जून सांगावे.

वैद्यांनी एक खूण लक्षात ठेवावी. एकाच घरातील दोन-तीन व्यक्ती हिवाळ्याच्या सकाळी एकदम डोकेदुखी व मळमळ सांगत असतील आणि बाहेर आल्यावर त्यांना बरे वाटत असेल, तर अजीर्ण वा पित्त म्हणून मात्रा देण्याआधी रात्री खोलीत शेगडी होती काय, हे विचारावे. बोटाला लावण्याचे साधे ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगला दाखविते व फसविते. त्यावर विसंबू नये. रुग्णास तत्काळ मोकळ्या हवेत आणावे व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. येथे औषध देऊन वेळ दवडू नये.

शेकावयाचेच असेल तर अंगणात शेकावे व निखारे अंगणातच विझवावेत. आतल्या खोलीसाठी आपल्या शास्त्रातील वालुका स्वेदाचा उपयोग करता येतो. चुलीवर गरम केलेली वाळू जाड कापडाच्या दुहेरी पिशवीत बांधून निजण्यापूर्वी अर्धा तास अंथरुणात ठेवावी व निजताना काढून घ्यावी. मधुमेही रुग्णांच्या पायाची संवेदना मंद असते; त्यांच्या पायाशी ही पिशवी वा गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवू नये. धूपनही प्रमाणातच असावे. श्वासरुग्णाच्या खोलीत धूप किंवा डासांची अगरबत्ती जाळू नये.

शेतकऱ्याची रात्र

गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी वीज रात्रीच्या पाळीत आली की शेतकरी पहाटे भिजून घरी येतो. त्याच्यासाठी दाराशी कोरडे कपडे, टॉवेल व थर्मासमध्ये सुंठीचे गरम पाणी ठेवण्यास घरच्यांना सांगावे. हे कामही घराच्या सिद्धतेतच येते. अभ्यंगासाठी घरचे तीळतेल पुरेसे आहे. वृद्धांनी अभ्यंग व स्नान पहाटे न करता उन्हाच्या वेळी करावे. दुपारपर्यंत काळ्या भांड्यात उन्हात ठेवलेले पाणी कोमट होते व तेवढे जळण वाचते.

आपले कर्तव्य

हेमंतात अग्नी बलवान असतो; त्यास पुरेसे अन्न न मिळाल्यास तो धातूंचे शोषण करतो व वातप्रकोप होतो, असे शास्त्र सांगते. म्हणून तुटपुंज्या पैशात क्रम लावायचा झाल्यास आम्ही असा लावू : आधी पोटभर भाकरी, तेल, तीळ व गूळ, मग गोधडी व उंबरठ्याची सुरळी, आणि त्यानंतर अवलेह. ज्याच्या घरी पांघरूण अपुरे आहे त्याने रसायनाचा डबा नेला, तर त्याचे पैसे गेले आणि थंडी तशीच राहिली. औषधालय चालकांना ही गोष्ट विक्रीच्या दृष्टीने रुचणार नाही, याची आम्हास जाणीव आहे. परंतु खेड्यातील गिऱ्हाईक वर्षानुवर्षे त्याच दुकानात येते, आणि खरे सांगणाऱ्या दुकानाची पत त्याच्या मनात टिकते.

औषधालयांनी दोन गोष्टी कराव्यात. तिळाचे तेल लहान मापातही उपलब्ध ठेवावे, आणि काउंटरवर ठळक अक्षरांत एक ओळ लावावी : बंद खोलीत शेगडी नेऊ नये. वैद्यांनी कास-श्वासाच्या प्रत्येक रुग्णास तीन प्रश्न विचारावेत. छत कशाचे आहे? चूल कोठे आहे? रात्री कोठे निजता? या तीन उत्तरांवर पथ्य सांगितले, तर ते रुग्णाला त्याच्याच घरात पाळता येते.

आपापल्या भागात घराविषयीचे असे अल्पव्ययी उपाय योजणाऱ्या सभासदांनी ते संघटनेस अवश्य कळवावेत. घाट, पठार व नदीकाठ यांची थंडी निराळी आणि घरेही निराळी. म्हणून येथील क्रम इतरत्र जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. झरोका उघडा व शेगडी बाहेर, एवढे मात्र सर्वत्र सारखेच राहील. इति.