बरं वाटलं, म्हणून गोळी बंद?

सुरगाणा किंवा पेठहून पहाटेच्या एसटीने नाशिकला तपासणीसाठी निघालेल्या हृदयरुग्णाला त्या दिवशी सकाळची एक गोळी नकोशी वाटते. ती असते लघवीची. वाटेत गाडी कुठे थांबणार? गोळी चुकवल्याचे त्याने सांगितले नाही, तर पायावरची सूज पाहून डॉक्टर डोस वाढवण्याची शक्यता असते.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची ताकद कमी पडते. मग शरीरात मीठ आणि पाणी साठते, पाय सुजतात, आडवे पडले की दम लागतो. लघवीच्या गोळीने आराम लगेच जाणवतो. हृदयावरचा ताण कमी करणाऱ्या इतर गोळ्यांचे काम मात्र जाणवत नाही. म्हणून 'आता बरं आहे' असे वाटले की त्याच आधी सुटतात.

लंडनच्या संशोधकांनी नेमकी हीच गोष्ट तपासली. हृदयाचे काम पूर्ववत झालेल्या 25 रुग्णांची औषधे देखरेखीखाली थांबवली. सहा महिन्यांत त्यांपैकी 11 जणांचा आजार उलटला. औषधे सुरू ठेवलेल्या 26 जणांपैकी त्या काळात एकाचाही उलटला नाही. म्हणजे बरे वाटत होते, ते गोळ्यांमुळेच!

तरीही सगळा दोष रुग्णाच्या माथी मारून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण उपचार नीट पाळतात. आपल्याकडे खर्चाची भर पडते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार मुख्यतः रुग्णालयातील उपचारांना. बाहेरून घेतलेल्या रोजच्या गोळ्यांचा भार घरावरच येतो. शिवाय पथ्य एकाचे आणि स्वयंपाक सगळ्यांचा. आमटीत मीठ कमी टाकले, तरी पापड-लोणचे ताटात येतेच. सैंधव चालते, हाही गैरसमजच, तेही मीठच.

उपाय फार अवघड नाहीत. प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचारा. बहुतेकदा वेळ बदलता येते. गोळ्या महाग पडत असतील, तर संकोच न करता सांगा. जनऔषधी केंद्रात त्याच घटकाची स्वस्त गोळी मिळू शकते. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. गुडघेदुखीची गोळीही परस्पर घेऊ नका. अनेक वेदनाशामकांनी पाणी साठते.

आणि घरच्यांनो, 'गोळी घेतली का?' एवढेच विचारू नका. 'का घेतली नाही?' हेही न रागावता विचारा. उपचाराची वाट बहुधा त्या उत्तरातच सापडते.