स्वाहिलीतले ‘चा-ची-चे’

टांझानिया आणि केनियाची राजभाषा स्वाहिली ही बांटू कुळातली. शब्दाला शब्द आणि वाक्याला वाक्य जोडण्याची तिची रीत मराठी माणसाला चटकन उमगावी अशी आहे.

‘किताबु चा जुमा’ म्हणजे जुमाचं पुस्तक. इथला ‘चा’ लिहिताना आपल्यासारखा दिसतो हा योगायोग. पण त्याची वागणूक खरोखर आपल्यासारखी आहे. जुमाचा मुलगा, जुमाची वही, जुमाचं घर: आपला प्रत्यय बदलतो तो वस्तूप्रमाणे, मालकाप्रमाणे नव्हे. स्वाहिलीतही तेच, फक्त शब्दांचा क्रम उलटा. आपल्याकडे लिंगं तीन, तिथे नामांचे दहाहून अधिक वर्ग. जोडणारा मूळ अंश एकच, ‘आ’. वर्गाची खूण त्याला चिकटते. मूल असेल तर ‘म्तोतो वा जुमा’, नाव असेल तर ‘जिना ला जुमा’, पुस्तकं अनेक असतील तर ‘विताबु व्या जुमा’. अरबीतून आलेल्या किताबचा पहिला ‘कि’ हीच वर्गाची खूण मानून या भाषेने त्याचं अनेकवचन ‘विताबु’ केलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

हा ‘आ’ मालकीपुरता नाही. ‘माजी या कुन्वा’ म्हणजे प्यायचं पाणी, ‘चुंबा चा कुलाला’ म्हणजे झोपायची खोली, ‘जू या मेझा’ म्हणजे मेजाच्या वर. ‘ना’ हा शब्दही असाच बहुगुणी. ‘जुमा ना अली’मध्ये तो ‘आणि’ असतो. ‘निना किताबु’मध्ये ‘मी पुस्तकासह’ म्हणजेच ‘माझ्याकडे पुस्तक आहे’.

खरी गंमत क्रियापदात आहे. ‘अलिकुजा, अकाकेती, अकान्वा चाइ, अकाओंदोका’: तो आला, मग बसला, मग चहा प्याला, मग निघून गेला. ‘मग’ असा वेगळा शब्द कुठेच नाही. क्रियापदाच्या पोटातला ‘का’ ते काम करतो. भूतकाळाची खूण ‘लि’ पहिल्याच क्रियापदाला. पुढची सगळी ‘का’च्या आधाराने चालतात. आपण ‘येऊन, बसून, चहा पिऊन गेला’ म्हणतो तेव्हा काळ शेवटी कळतो. तिथे तो आरंभीच कळतो. ‘जर-तर’चंही तसंच. ‘म्वुआ इकिन्येशा’ म्हणजे पाऊस पडला तर. सगळी अट त्या ‘कि’मध्ये.

‘क्वा सबाबु’ म्हणजे ‘कारण’. त्यातला सबाबु आणि आपली ‘सबब’ एकाच अरबी शब्दाच्या लेकी.

स्वाहिली शिकायची असेल, तर इंग्रजीच्या ‘ऑफ’ आणि ‘अँड’वरून सुरुवात करू नका, आपल्या चा-ची-चेपासून करा.