अर्धा टूथब्रश आणि समुद्रापासून सर्वांत दूरची जागा

पृथ्वीच्या पाठीवर समुद्रापासून सर्वांत दूर असलेली जागा कोणती, हा प्रश्न मुंबईकराला सहसा पडत नाही. ही जागा चीनच्या वायव्येस, शिनच्यांगमधील झुंगारियाच्या वाळवंटी खोऱ्यात आहे. तिथून कोणत्याही दिशेने सरळ रेषेत निघाले, तरी समुद्र अडीच हजार किलोमीटरांच्या आसपास किंवा त्याहूनही दूर राहतो. १९८६च्या मे महिन्यात रिचर्ड आणि निकोलस क्रेन हे दोन इंग्रज चुलतभाऊ बांगलादेशाच्या किनाऱ्यावरून सायकलने तिकडे निघाले. भारत, नेपाळ, तिबेट आणि गोबीचे वाळवंट ओलांडत सुमारे ५,३०० किलोमीटरांचे अंतर त्यांनी ५८ दिवसांत तोडले. गरीब देशांना परवडेल असे तंत्रज्ञान पोहोचवणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेसाठी निधी उभारणे हा त्यामागचा हेतू होता.

मात्र ही मोहीम लोकांच्या लक्षात राहिली ती अंतरापेक्षा सामानामुळे. खरे तर सामान नसल्यामुळे. सायकली शर्यतीच्या, बारीक टायरच्या आणि पातळ पोलादी नळ्यांच्या होत्या. तंबू नाही, स्टोव्ह नाही, शिधा नाही. टूथब्रशचे दांडे कापून अर्धे केलेले, कपड्यांवरची लेबले उसवलेली, सायकलच्या सुट्या भागांना वजन घटवण्यासाठी भोके पाडलेली. एखाद्याने एवढे केले तर घरचे लोक त्याला विक्षिप्त म्हणतील. इथे तर दोघेही तसेच होते.

या वेडात शास्त्र किती होते, हे पाहण्यासारखे आहे. दहा किलो जादा ओझे एक हजार मीटर उंच चढवायचे, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ९८ किलोज्यूल काम करावे लागते. माणसाचे शरीर अन्नातील ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्साच पायडलपर्यंत पोहोचवते. म्हणजे त्या ओझ्याची किंमत शंभर किलोकॅलरींच्या घरात, एखाद्या पोळीइतकी. सपाट रस्त्यावर तर या ओझ्याचा भार फारसा जाणवतही नाही. तिथे खरा शत्रू असतो वारा. घाटात मात्र हिशेब वेळेचा असतो. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर दहा किलोंची भर चढाचा वेळ जवळजवळ एक-अष्टमांशाने वाढवते. तिबेटच्या पठारावर पाच हजार मीटरांवरील खिंडी ओलांडाव्या लागतात. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास उतरतो, पायांतले बळही ओसरते आणि एक-अष्टमांश वेळ म्हणजे अंधारापूर्वी वस्ती गाठणे किंवा न गाठणे ठरते.

टूथब्रशच्या दांड्याचे मात्र या गणितात काहीच स्थान नाही. पाच-दहा ग्रॅमनी कोणतीही खिंड सोपी होत नाही. त्याचे काम वेगळे होते. ज्याने टूथब्रश कापला, तो ‘एक जादा स्वेटर असू दे’ असे सहजी म्हणत नाही. वजन वाढते ते अशा ‘असू दे’मुळेच, हे प्रवासाची बॅग भरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

खरा जुगार होता तंबूचा. तंबू असेल तर थकलेला सायकलस्वार वाटेत कुठेही थांबू शकतो. तो घरी ठेवला की रोज संध्याकाळी माणसांची वस्ती सापडलीच पाहिजे : ट्रकचालकांचा थांबा, रस्त्यावरील मजुरांची छावणी, नाहीतर मेंढपाळांचा तंबू. अन्नाचेही तेच. क्रेन बंधूंचे सामान हलके होते, याचा अर्थ त्यांच्या गरजा संपल्या होत्या असा नव्हे. त्यांचा भार त्यांनी वाटेवरच्या अनोळखी लोकांवर टाकला होता. ज्यांच्याकडे स्वतःलाच फारसे काही नाही, अशा लोकांकडे हे मागणे आहे, ही गोष्ट साहसकथांच्या कौतुकात सहसा निसटते.

अशा प्रवासात सोबती का लागतो, याचे उत्तरही इथेच आहे. गोबीत समोरून वारा असताना मागे राहणाऱ्याचे श्रम वाचतात आणि आळीपाळीने पुढे होता येते, हा एक भाग. दुसरा अधिक महत्त्वाचा. दोघांपैकी एकाने तंबू आणला आणि दुसऱ्याने नाही, तर दोघांचा वेग, मुक्काम आणि धोका यांचे सगळे गणित बिघडते. विक्षिप्तपणा दोघांचा सारखाच असावा लागतो. क्रेन बंधूंच्या बाबतीत तो आधीच पारखलेला होता. रिचर्डने १९८३मध्ये आपला भाऊ एड्रियन याच्यासह हिमालयाच्या कडेकडेने दार्जिलिंग ते रावळपिंडी हे अंतर १०१ दिवसांत धावत पार केले होते, तर १९८४च्या नाताळात रिचर्ड आणि निकोलस सायकली घेऊन किलिमांजारोवर चढले होते.

सोबतीचे मोल मुंबईच्या फ्रामरोज दावर यांनी कितीतरी आधी ओळखले होते. १९२४मध्ये ते सायकलवरून एकटेच जगप्रवासाला निघाले. व्हिएन्नात त्यांना गुस्ताव नावाचा ऑस्ट्रियन सहप्रवासी मिळाला आणि पुढे सहारा व ॲमेझॉनचा प्रदेश या दोघांनी मिळून पार केला. १९३१मध्ये दावर मुंबईला परतले.

निकोलस क्रेन पुढे लेखक आणि दूरचित्रवाणीवरील निवेदक म्हणून नावारूपाला आले. २०१५ ते २०१८ या काळात ते लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९९२मध्ये त्यांनी स्पेनच्या फिनिस्टेर भूशिरापासून इस्तंबूलपर्यंत सुमारे दहा हजार किलोमीटरांची डोंगरवाट एकट्याने चालायला घेतली. या खेपेस सोबतीला होती एक छत्री.

आणि ती सर्वांत दूरची जागा? २००७मध्ये संशोधकांनी संगणकाच्या साह्याने ती नव्याने मोजली. सायबेरियातील ओबचे आखात समुद्रात धरायचे, हे जुन्या गणितात राहून गेले होते. ते धरताच मूळ बिंदू सरकला आणि समुद्रापासून जवळजवळ सारख्याच अंतरावरचे एकाहून अधिक बिंदू पुढे आले. तेही त्याच प्रदेशातले, शिनच्यांगच्याच ओसाड भागात.